भांडण टॅरिफचं, नाडी डिस्प्रोसियमच्या हाती

२ एप्रिल २०२५ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी जगभरच्या मालावर नवे आयातकर जाहीर केले. त्यात चीनच्या वाट्याला मोठा बोजा आला. दोनच दिवसांनी बीजिंगने अमेरिकी मालावर उलटा कर लावला आणि त्याच्या मोठमोठ्या बातम्या झाल्या. त्याच दिवशी निघालेला दुसरा आदेश मात्र दिसायला अगदीच कारकुनी होता. समेरियम, गॅडोलिनियम, टर्बियम, डिस्प्रोसियम, ल्युटेशियम, स्कँडियम आणि इट्रियम ही सात मूलद्रव्यं आणि त्यांच्यापासून बनलेली चुंबकं देशाबाहेर पाठवायची असतील, तर आधी परवाना घ्या, एवढंच त्यात म्हटलं होतं. बंदी नव्हतीच. फक्त अर्ज करायचा आणि वाट बघायची.

वाट बघता बघता कारखाने थंडावले. मे महिन्यात फोर्डला शिकागोतला एक्सप्लोरर गाडीचा कारखाना आठवडाभर बंद ठेवावा लागला. जपानमध्ये सुझुकीने स्विफ्टचं उत्पादन थांबवलं. झळ पुण्यापर्यंत आली. चुंबकं मिळेनात म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये बजाज ऑटोला चेतक या ई-स्कूटरचं उत्पादन कमी करावं लागलं; ऑगस्टमध्ये कदाचित एकही ई-गाडी तयार होणार नाही, असं राजीव बजाज यांनी जाहीरपणे सांगून टाकलं.

जगातली सर्वात मोठी सत्ता आणि तिच्या खांद्याला खांदा भिडवू पाहणारा चीन यांच्यातली चढाओढ आपण युद्धनौका, तैवान, कर आणि चिप या भाषेत वाचतो. पण या वेळी चीनने ज्या जागी बोट ठेवलं ती जागा समजून घ्यायची, तर वाट आवर्तसारणीच्या तळाशी वेगळ्या मांडलेल्या त्या ओळीकडे जाते, जी शाळेत आपण सगळ्यांनीच ‘परीक्षेला नाही’ म्हणून सोडून दिली होती.

लँथनमपासून ल्युटेशियमपर्यंतची पंधरा आणि त्यांच्या जोडीला स्कँडियम व इट्रियम अशी ही सतरा दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं. नावावर जाऊ नका. भूकवचात सिरियम साधारण तांब्याइतकं आहे आणि विरळातलं विरळ थुलियमसुद्धा चांदीपेक्षा जास्त आहे. (अपवाद प्रोमेथियमचा. ते किरणोत्सारी असल्यामुळे निसर्गात टिकतच नाही.) अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात, ब्राझीलमध्ये, आपल्या केरळ-ओडिशाच्या वाळूत, सगळीकडे ही सापडतात. जगातल्या खाणकामात चीनचा वाटा साधारण ६० टक्के आहे. शुद्धीकरणात तो ९० टक्क्यांच्या घरात जातो आणि तापवून घट्ट केलेल्या चुंबकांत त्याच्याही पुढे. म्हणजे खाणीपासून जितकं दूर जावं, तितकी चीनची पकड घट्ट होत जाते.

आधी चुंबक पाहू. ई-स्कूटरच्या मोटारीतून काढलेला चुंबकाचा तुकडा दिसायला काहीच नसतो. बोटभर लांबीची, निकेलचा मुलामा दिलेली चकचकीत करडी पट्टी. मुलामा यासाठी की आतला मिश्रधातू हवेत पटकन गंजतो. दोन पट्ट्या जवळ आणल्या की बोट मध्ये सापडून रक्ताळेल इतक्या जोराने त्या एकमेकींवर आदळतात, आणि ठिसूळ असल्यामुळे बऱ्याचदा कपचेही उडतात. यातल्या स्फटिकाच्या प्रत्येक घटकात निओडिमियमचे दोन, लोखंडाचे चौदा आणि बोरॉनचा एक अणू असतो. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जनरल मोटर्समधले जॉन क्रोट यांनी हे चुंबक स्वतंत्रपणे शोधून काढलं.

त्यात चुंबकत्वाचा मुख्य वाटा लोखंडाचाच. पण नुसत्या लोखंडाचं चुंबकत्व लहरी असतं, बाहेरून विरुद्ध क्षेत्र आलं की दिशा बदलतं. निओडिमियमच्या अणूत आत दडलेल्या ४एफ नावाच्या कक्षेतल्या इलेक्ट्रॉनांचा ढग गोल नसतो, तो चपटा असतो. स्फटिकात तो एका विशिष्ट दिशेनेच नीट बसतो आणि शेजारच्या लोखंडालाही त्याच दिशेला जखडून ठेवतो. हट्टी शेजारी मिळाला की बिचाऱ्या लोखंडाचा नाइलाज होतो.

हा हट्ट उष्णतेपुढे मात्र ढिला पडतो. चढावर, दोन माणसं बसवून, मे महिन्याच्या उन्हात चाललेल्या गाडीची मोटार चांगलीच तापते. मोठ्या विजेच्या गाड्यांत चुंबकाला १५० अंश सेल्सिअसच्या पुढेही तग धरावा लागतो. तिथे डिस्प्रोसियम लागतं. निओडिमियमच्या काही अणूंच्या जागी डिस्प्रोसियम बसवलं की जखडण्याची ताकद कितीतरी वाढते. यात एक गंमत आहे. डिस्प्रोसियमचं स्वतःचं चुंबकत्व लोखंडाच्या विरुद्ध दिशेला असतं, त्यामुळे ते घातल्यावर चुंबकाची एकूण शक्ती थोडी घटते. थोडी ताकद देऊन टिकाऊपणा विकत घ्यायचा, असा हा सौदा. चीनच्या एप्रिलच्या यादीत निओडिमियम नव्हतं. डिस्प्रोसियम आणि टर्बियम होतं. यादी करणाऱ्याला मोटारीचं पदार्थविज्ञान पाठ होतं, हे उघड आहे.

आता मुख्य अडचण. ही मूलद्रव्यं निसर्गात एकेकटी भेटत नाहीत. एकाच खनिजात सगळी दाटीवाटीने बसलेली असतात. अणूच्या बाहेरच्या कक्षा सगळ्यांच्या जवळपास सारख्या, आणि रसायन ठरतं ते बाहेरच्या इलेक्ट्रॉनांवर. फरक पडतो तो आत दडलेल्या ४एफ कक्षेत. एकेक प्रोटॉन वाढत जातो तसा आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, जरासा आक्रसतो. लँथनमच्या आयनाची त्रिज्या सुमारे १०३ पिकोमीटर (एक पिकोमीटर म्हणजे मीटरचा लाख कोटीवा भाग), ल्युटेशियमची सुमारे ८६. मध्ये चौदा पायऱ्या. म्हणजे शेजाऱ्या-शेजाऱ्यांत फरक जेमतेम एका पिकोमीटरचा, टक्काभराचा. इंद्रायणी आणि आंबेमोहोर एका पोत्यात मिसळले, तर घरातली जुनी माणसं दाणा निरखून, हुंगून निदान प्रयत्न तरी करतील. इथे हुंगायला काही नाही, आणि दाण्याच्या आकारात टक्क्याचाच फरक.

सुरुवातीच्या रसायनशास्त्रज्ञांनी हे काम निव्वळ चिकाटीने केलं. १८८५ साली ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी तोवर एकच मूलद्रव्य समजल्या जाणाऱ्या ‘डिडिमियम’चे पुन्हा पुन्हा स्फटिक करून त्यातून प्रॅसिओडिमियम आणि निओडिमियम वेगळं काढलं. न्यू हॅम्पशायरमधल्या चार्ल्स जेम्स यांना शुद्ध थुलियमसाठी सुमारे १५,००० वेळा स्फटिकीकरण करावं लागलं. पंधरा हजार! त्या प्रयोगशाळेत संध्याकाळी कुणी ‘आज काय केलं?’ असं विचारत असेल, असं वाटत नाही.

आजची पद्धत द्रावक निष्कर्षणाची. खनिज आम्लात विरघळवून त्याचं पाणीदार द्रावण करायचं. दुसरीकडे केरोसिनमध्ये फॉस्फरसयुक्त सेंद्रिय आम्ल मिसळून तेलकट द्रव तयार ठेवायचा. दोन्ही एका टाकीत घुसळायचे आणि शेजारच्या कप्प्यात निवळू द्यायचे. तेल वर येतं, पाणी खाली राहतं. आकाराने लहान, म्हणजे अणुक्रमांकाने जड आयनांना तेलातलं ते आम्ल किंचित जास्त घट्ट धरतं, म्हणून वरच्या थरात त्यांचं प्रमाण थोडं वाढतं.

किती थोडं, तेही पाहू. दोन शेजारी मूलद्रव्यांतला पृथक्करणाचा गुणांक, म्हणजे एका घुसळणीत एकाचं दुसऱ्याशी असलेलं प्रमाण किती पट होतं तो आकडा, १.५ धरला, तर ५०:५० मिश्रण एका घुसळणीनंतर ६०:४० होतं, दुसरीनंतर ६९:३१, तिसरीनंतर ७७:२३. कागदावर सतराएक घुसळणींत ९९.९ टक्के शुद्धता येते. पण दरवेळी हवा असलेला बराचसा माल खालच्या थरात मागे राहतो आणि तो टाकून देणं परवडत नाही. म्हणून टाक्यांची लांबच लांब रांग लावून तेल एका बाजूने आणि पाणी दुसऱ्या बाजूने सोडतात. प्रत्येक टाकीत दोघांची गाठ पडते आणि उरलेलं पुढच्या टाकीत धुतलं जातं. ही झाली एका जोडीची रांग. मग पुढची जोडी, मग त्यापुढची. पूर्ण कारखान्यात अशा शेकडो टाक्या असतात आणि एका टाकीतली आम्लता बिघडली की त्याचा परिणाम रांगभर पसरत जातो. रांग स्थिर व्हायलाच कित्येक आठवडे लागू शकतात. तोवर बाहेर येणारा माल अर्धवट.

इथे शू ग्वांगश्यान हे नाव घ्यायलाच हवं. १९५१ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन ते चीनला परतले आणि पेकिंग विद्यापीठात शिकवू लागले. सांस्कृतिक क्रांतीत त्यांना हेर ठरवून श्रमछावणीत धाडण्यात आलं. १९७२ मध्ये सुटल्यावर त्यांच्याकडे काम आलं ते प्रॅसिओडिमियम आणि निओडिमियम वेगळं करण्याचं, म्हणजे सगळ्यांत चिवट जोडीचं. त्यांनी टाक्यांच्या रांगेचं गणित मांडलं. किती टाक्या, कुठे काय सोडायचं, कोणत्या वेगाने, हे आधी आकडेमोड करून ठरवता येऊ लागलं. छोट्या प्रयोगातून मधल्या, मधल्यातून मोठ्या कारखान्याकडे चाचपडत जायची गरज संपली. हे तंत्र चीनभर शिकवलं गेलं. २००८ साली देशाचा सर्वोच्च विज्ञान पुरस्कार शू यांना मिळाला. चीनची आजची पकड नेमकी कुठून आली, असं कुणी विचारलं तर खाणींच्या आधी मी या गणिताकडे बोट दाखवीन.

अमेरिकेने त्याच काळात उलटा प्रवास केला. कॅलिफोर्नियातली माउंटन पास ही खाण १९५०च्या दशकात सुरू झाली आणि रंगीत टीव्हीतल्या लाल रंगाला लागणाऱ्या युरोपियममुळे भरभराटीला आली. कित्येक दशकं जगाचा मोठा पुरवठा तिथूनच होत असे. पण या खनिजांसोबत थोरियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य येतं, म्हणून सांडपाणीही किरणोत्सारी असतं. १९९०च्या दशकात सांडपाण्याच्या नळातून वाळवंटात गळती झाली, नियम कडक झाले आणि दुसरीकडे स्वस्त चिनी माल आला. २००२ मध्ये खाण बंद पडली. जनरल मोटर्सने चुंबकासाठी काढलेली मॅग्नेक्वेंच ही कंपनी १९९५ मध्येच चिनी भागीदार असलेल्या गटाला विकली गेली होती. पुढच्या काही वर्षांत इंडियानातले तिचे कारखाने बंद झाले. चीनने स्वस्ताईची किंमत आपल्या मातीत मोजली. बाओटौजवळचं गाळाचं तळं आणि जिआंग्शीतले, ही मूलद्रव्यं काढण्यासाठी अमोनियम सल्फेटने धुतलेले डोंगर हा त्याचा हिशेब आहे, आणि आता डिस्प्रोसियमसारख्या जड मूलद्रव्यांची बरीचशी माती म्यानमारच्या काचिन प्रांतातून येते, म्हणजे घाण शेजाऱ्याकडे गेली.

धोक्याची घंटा आधीही वाजली होती. सप्टेंबर २०१०मध्ये, चीन आणि जपान दोघेही हक्क सांगतात त्या सेनकाकू बेटांजवळ चिनी मासेमारी नौका जपानी गस्ती नौकांना धडकली आणि त्यानंतर जपानकडे जाणारी दुर्मिळ मृदा थांबली. जपानने धडा घेतला, ऑस्ट्रेलियाच्या लायनस या दुर्मिळ मृदा काढणाऱ्या कंपनीत पैसे घातले. अमेरिकेने डुलकी काढली. २०२२ मध्ये तर एफ-३५ या लढाऊ विमानांची सुपूर्दगी काही आठवडे थांबवावी लागली, कारण त्यातल्या एका पंपाच्या चुंबकात चिनी समेरियम-कोबाल्ट मिश्रधातू निघाला! शेवटी खास सवलत देऊन विमानं ताब्यात घेतली. त्याच ऑक्टोबरमध्ये अमेरिकेने चीनला प्रगत चिप विकण्यावर निर्बंध घातले. उत्तरादाखल चीनने २०२३ मध्ये चिपसाठी लागणारं गॅलियम आणि जर्मेनियम परवान्याखाली आणलं आणि त्याच डिसेंबरमध्ये दुर्मिळ मृदा वेगळी करण्याचं आणि चुंबक बनवण्याचं तंत्रज्ञान बाहेर नेण्यावरच बंदी घातली. माझ्या मते या साऱ्या मालिकेतलं सर्वांत विचारपूर्वक टाकलेलं पाऊल हेच. माती दुसरीकडे मिळेल, टाक्यांच्या रांगेचा अनुभव मिळणार नाही.

९ ऑक्टोबर २०२५ रोजी चीनने यादीत होल्मियम, अर्बियम, थुलियम, युरोपियम, इटर्बियम अशी पाच नावं वाढवली. दुसऱ्या दिवशी ट्रम्प यांनी आणखी १०० टक्के कराची धमकी दिली. महिनाअखेर दक्षिण कोरियात बुसान इथे ट्रम्प आणि शी जिनपिंग भेटले, धमकी मागे गेली आणि ऑक्टोबरचे नियम वर्षभरासाठी स्थगित झाले. एप्रिलमधली परवान्याची पद्धत मात्र त्या स्थगितीत आली नाही.

दरम्यान पुन्हा सुरू झालेली माउंटन पास चालवणाऱ्या एमपी मटेरियल्स या कंपनीमध्ये अमेरिकी संरक्षण खात्याने ४० कोटी डॉलर गुंतवले आणि निओडिमियम-प्रॅसिओडिमियमला किलोमागे ११० डॉलरचा किमान भाव बांधून दिला. हमीभाव! मुक्त बाजारपेठेचे पाठ जगाला देणाऱ्या देशात. लायनसने मे २०२५ मध्ये मलेशियात डिस्प्रोसियम ऑक्साइड व्यापारी पातळीवर वेगळं काढलं, तेही चीनबाहेर.

भारतात केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५मध्ये वर्षाला ६,००० टन चुंबकं बनवण्याची क्षमता उभारण्यासाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. याआधीच तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्रावर विशाखापट्टणमला समेरियम-कोबाल्ट चुंबकांचा छोटा कारखाना उभा राहिला आहे. आपल्या किनाऱ्यावरच्या वाळूतल्या मोनाझाइट या खनिजामध्ये निओडिमियम पुरेसं आहे, डिस्प्रोसियम काढण्याजोगं जवळपास नाही. त्यामुळे अभियंत्यांचं लक्ष आहे ते डिस्प्रोसियम वाचवण्याकडे. चुंबक आधी निओडिमियमचं घडवायचं, मग पृष्ठभागावर डिस्प्रोसियमचा पातळ लेप देऊन ते भट्टीत ठेवायचं. उष्णतेने डिस्प्रोसियम स्फटिककणांच्या मधल्या फटींतून आत झिरपतं आणि फक्त कणांच्या कडांवर बसतं. चुंबक उलटायला सुरुवात होते ती बहुधा तिथूनच, त्यामुळे थोडक्या मालात काम भागतं आणि आतल्या गाभ्याची ताकदही शाबूत राहते. पट्टी जाड असेल तर मात्र लेप मध्यापर्यंत पोहोचत नाही.