पाळी जातानाचा विसर आणि स्मृतिभ्रंश

नाशिकमध्ये कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळी चालणाऱ्या पंचेचाळिशी-पन्नाशीच्या बायकांच्या गप्पांत एक वाक्य हमखास येतं: "काही लक्षातच राहत नाही गं, डिमेन्शिया तर नसेल ना?"

डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश. बहुतेक वेळा तो नसतो. पाळी जाण्याच्या काळात इस्ट्रोजेन हे हार्मोन खाली-वर होतं, रात्री घाम फुटून झोपमोड होते. मग नाव ओठांवर येऊन अडतं, स्वयंपाकघरात कशाला आलो ते आठवत नाही. पण ते नाव तासाभराने आपसूक आठवतं, आणि पाळी थांबून काही काळ गेला की बऱ्याच जणींचा हा त्रास निवळतो.

स्मृतिभ्रंशात, निदान अल्झायमर या त्याच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात तरी, ताज्या गोष्टीची नोंदच नीट होत नाही. सकाळी रविवार कारंजाला जाऊन आलो हेच आठवत नाही. तोच प्रश्न दहा मिनिटांनी पुन्हा येतो. वर्षानुवर्षं केलेल्या पुरणपोळीचा क्रम चुकतो, पंचवटीतल्या आपल्याच गल्लीत वाट सापडत नाही. पाळीच्या काळातल्या विसराची तक्रार बाई स्वतः करते. स्मृतिभ्रंशात ती बहुधा घरचे करतात. साठीच्या आत हा आजार विरळाच. बी-12ची कमतरता, थायरॉइड आणि नैराश्य यांनीही विसर पडतो, म्हणून आधी रक्त तपासून घ्यावं.

विसर निरुपद्रवी असला, तरी ते वय मात्र बेफिकीर राहण्याचं नाही. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या 2024च्या अहवालात स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारे, पण बदलता येण्याजोगे 14 घटक आहेत; ते सगळे आवरले तर जगातले सुमारे 45 टक्के स्मृतिभ्रंश टळू शकतील किंवा लांबतील, असा अंदाज आहे. त्यातले बरेच ऐन मध्यमवयातले: रक्तदाब, मधुमेह, एलडीएल म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, कमी ऐकू येणं. बीपीची गोळी 'सवय लागेल' म्हणून सोडणाऱ्या बायका प्रत्येक घरात आहेत, माझ्या मते खरी काळजी त्यांची करावी. कानाचं यंत्र लाजेपायी टाळलं की हळूहळू भजनी मंडळही सुटतं, आणि एकटेपणा हा त्या यादीतलाच आणखी एक घटक. तंबाखू त्यात आहे. मिश्री म्हणजे तंबाखूच. डोक्याला मार हाही आहे, तेव्हा गंगापूर रोडला स्कूटरवर मागे बसणारीनेही हेल्मेट घालावं.

'घरकाम हाच माझा व्यायाम' हे अर्धंच खरं. दम थोडा वाढेल इतकं भरभर चालणं आठवड्याला 150 मिनिटं तरी हवं.

आणि हार्मोनच्या गोळ्या? केवळ स्मृतिभ्रंश टाळायला म्हणून त्या घ्यायच्या नसतात. घाम आणि झोपमोड असह्य असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांशी जरूर बोलावं.