भिंत रंगवणं वेगळं आणि लोकांसोबतची कला वेगळी

आपल्या सोलापुरात पुलाखाली नायतर शाळेच्या कंपाउंडला 'पाणी वाचवा' म्हणून नळाचं चित्र काढलं की लगेच सगळे म्हणतात सामाजिक कला झाली. ते सुशोभीकरण आहे, आणि चांगलं केलं तर मला मनापासून आवडतं, रस्ता उजळतो. पण विषय आधीच ठरलेला असतो, पेंटर येतो, रंगवतो, जातो, आणि त्याच गल्लीतली बाई काही दिवसांआड येणाऱ्या पाण्यासाठी पिंपं मांडून तशीच बसलेली असते.

दुसरा प्रकार, म्हणजे लोकांसोबतची कला, काय ते छत्तीसगडच्या बस्तरमधल्या 'नलपार' या हापशांभोवतीच्या कामावरनं कळतं. मुंबईच्या आर्टिस्ट नवज्योत अल्ताफ यांनी कोंडागावात तिथल्या आदिवासी कलाकारांसोबत हे काम केलं. हापसे होतेच, पण सांडलेलं पाणी भोवती साचायचं, आणि भरलेली घागर जमिनीवरनं थेट डोक्यावर घ्यायची म्हणजे कंबरेचे हाल. तर यांनी पाणी भरणाऱ्या बायाबापड्यांशी बोलून असे कट्टे बांधले की घागर आधी तिथं टेकवायची मग डोक्यावर घ्यायची, पाणी वाहून जायला वाट काढली, आणि भिंतींचे आकार तिथल्याच लोकांच्या चिन्हांतनं आले.

आता कुणी म्हणेल हे इंजिनिअरपण करेल की. कट्टा बांधेल, खरंय. पण इथं कट्टा किती उंच, त्यावर काय कोरायचं, हे सगळ्यांनी मिळून ठरवलं, आणि ते ठरवणं हाच मला त्यातला कलेचा भाग वाटतो.

असंच जर्मनीत जोसेफ बॉइस या आर्टिस्टनी १९८२ ला कासेल शहरात ओकची ७००० झाडं लावायला घेतली, प्रत्येक झाडाशेजारी बेसॉल्टचा एक दगड. सगळे दगड म्युझियमसमोर ढीग घालून ठेवलेले, झाड लागलं की एक दगड कमी, म्हणजे किती काम राहिलंय ते अख्ख्या गावाला दिसायचं. बॉइस १९८६ ला गेले, पण बाकीच्यांनी काम पुढं नेलं आणि १९८७ ला शेवटचं झाड लागलं. पेंटर मधेच गेला तर भिंत अर्धीच राहते, हा मोठा फरक आहे बघा.

(भिंतीचं चित्रपण वस्तीनं मिळून ठरवलं तर ते दुसऱ्या प्रकाराकडं सरकतं, रंगाशी माझं भांडण नाही.)

मला फार वाटतं की सोलापूरजवळ कुंभारीत विडी कामगारांच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत कुणीतरी असं करावं. मांडीवर सूप घेऊन तासन्तास विड्या वळणाऱ्या बायकांना आधी विचारायचं, पाठ कुठं दुखते, उजेड कुठनं पाहिजे, टेकायला किती उंच लागतं, आणि मग त्यांच्यासोबत बसून त्यांच्या बसायचा कट्टा आखायचा.