अर्धा ‘र’, संगणकीय लेखनातील

‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ या जोडाक्षरांत डावीकडे पापणीच्या केसासारखा दिसणारा ‘र’. ‘दऱ्या’ (दरीचे अनेकवचन) व ‘दर्या’ (समुद्र), ‘आचाऱ्यास’ (स्वयंपाक्यास) व ‘आचार्यास’ या जोड्यांत अर्थ केवळ याच चिन्हावर ठरतो; म्हणून त्याला रफाराचे निराळे वळण समजणे चूक आहे.

युनिकोडमध्ये (संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या मानकात) या चिन्हाला स्वतःचा क्रमांक नाही. ते क्रमातून घडते, आणि क्रम दोन आहेत. पहिला : ऱ (दशमान क्रमांक २३५३), हलन्त म्हणजे पाय मोडण्याचे चिन्ह (२३८१), य (२३५१). दुसरा : र (२३५२), हलन्त, शून्य रुंदीचा जोडक (८२०५), य. पहिला क्रम ‘इस्की’ या भारतीय मानकाशी (१३१९४ : १९९१) जुळतो, दुसरा युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीशी (१९९६) सुसंगती राहावी म्हणून ठेवलेला आहे. युनिकोडच्या तक्त्यात ‘ऱ’ची नोंद द्राविडी भाषांतील वर्त्स्य (जीभ दातांमागच्या हिरडीला लावून उच्चारलेला) ‘र’ लिहिण्यासाठी अशी असल्याने, ‘दोरी’पासून झालेल्या ‘दोऱ्या’त तो कसा, असा आक्षेप घेता येतो. वर्णदृष्ट्या तो रास्तही आहे. तरी व्यवहारात पहिला क्रम अधिक टिकाऊ दिसतो. जोडक अदृश्य असतो. मजकूर ‘स्वच्छ’ करणारे प्रोग्राम तो गाळतात आणि ‘दऱ्या’चा बिनबोभाट ‘दर्या’ होतो. डोमेन-नावांच्या २००३ च्या नियमांत तर तो गाळलाच जाई.

यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड क्रमांक बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत) ‘दऱ्या’ पहिल्या क्रमाने ५ संकेत व १५ बाइट, दुसऱ्याने ६ व १८ बाइट भरतो. पडद्यावर दोन्ही सारखेच. शोध मात्र चुकतो, कारण एका क्रमाने टंकलेला शब्द दुसऱ्या क्रमाने लिहिलेल्याशी जुळत नाही. ‘र’ व नुक्ता (अक्षराखालचे टिंब) वेगळे टंकले असतील तर युनिकोडचे प्रमाणीकरण (एनएफसी) त्यांचा ‘ऱ’ करते. जोडकाला ते हात लावत नाही. दुसऱ्या क्रमाचा पहिला करण्याचा बदल प्रोग्राममध्ये स्वतंत्रपणे करावा लागतो. मजकुरात नेपाळी असल्यास जपून, कारण ‘गर्‍यो’सारखे शब्द तेथे जोडकानेच लिहिण्याचा प्रघात आहे.

इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट-जे, डी, तिरकी रेघ या कळांनी ‘ऱ्य’ उमटतो. शेवटी यू दाबल्यास ‘ऱ्ह’. वेबपानाच्या मूळ मजकुरात ऱ्य असे लिहितात; येथे देवनागरी अंक चालत नाहीत.

संकेत बरोबर असूनही ‘ऱ’खाली हलन्ताचा पाय दिसला तर दोष बहुधा फाँटचा असतो : त्यात अर्ध्या रूपाचे चित्र नसते. सगळीच जोडाक्षरे सुटत असतील तर अक्षरजुळणी करणारा हार्फबझसारखा घटक वापरात नाही असे समजावे. चित्रावर मजकूर छापणाऱ्या लायब्रऱ्या आणि साधी टर्मिनले यांत हे नेहमी घडते.

अकारविल्ह्यात युनिकोडचा मूळ क्रम ‘ऱ’ला नुक्तायुक्त ‘र’ मानतो व जोडकाकडे दुर्लक्ष करतो. त्यामुळे केवळ प्राथमिक पातळीवर, म्हणजे नुक्त्यासारखे भेद न पाहता, शोधल्यास दोन्ही ‘दऱ्या’ सापडतात, पण त्यांच्यासोबत ‘दर्या’ही येतो.