द्राक्षवेलीच्या मुळांतील जलवाहिन्या व पाण्याचा ताण

मुळांनी शोषलेले पाणी खोडाकडे नेणाऱ्या, प्रकाष्ठातील (पाणी वाहणाऱ्या लाकडातील) मृत पेशींच्या सलग नळ्या म्हणजे जलवाहिन्या. जमीन कोरडी पडली, क्षार वाढले किंवा मुळांशी पाणी साचले की या नळ्यांचे, आणि त्याहून आधी त्यांच्याभोवतीच्या जिवंत पेशींचे, काम बिघडते. द्राक्ष हे या अभ्यासातले आवडते पीक आहे, कारण त्याच्या वाहिन्या असाधारण रुंद असतात.

द्राक्ष ही मूळची आधाराने चढणारी वेल. स्वतःचा भार पेलायचा नसल्याने तिच्या लाकडात रुंद वाहिन्यांना भरपूर जागा मिळते. जाड मुळाचा आडवा काप घेतला तर त्यांची छिद्रे नुसत्या डोळ्यांना दिसतात. नळीतला प्रवाह व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो. व्यास निम्मा झाला तर वहनक्षमता सोळाव्या हिश्श्यावर येते. ताणात वाढलेल्या वेलीत नव्या वाहिन्या अरुंद तयार होतात, त्याची किंमत यावरून कळावी.

वाढीच्या काळात दिवसा पाणी वर ढकलले जात नाही, पाने ते ओढून घेतात. ही उपपत्ती हेन्री डिक्सन आणि जॉन जोली यांनी 1894 मध्ये डब्लिनमध्ये मांडली. वाहिन्यांतले पाणी ओढीखाली, म्हणजे ऋण दाबात असते. माती सुकते तशी ओढ वाढते आणि एका मर्यादेपुढे शेजारच्या पोकळीतली हवा भिंतीतील सूक्ष्म छिद्रांतून आत खेचली जाते. पाण्याचा धागा तुटतो व ती वाहिनी निकामी होते. याला एम्बोलिझम म्हणतात.

ताणाखाली मूळ निकामी होते ते या एम्बोलिझममुळेच, असे बराच काळ गृहीत धरले जात होते. 2016 मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी जिवंत वेलींच्या मुळांचे क्ष-किरण सूक्ष्मचित्रण प्रसिद्ध केले आणि क्रम वेगळा निघाला. खोडातील जलविभव (पाण्यावरील ओढीचे माप; जितके अधिक उणे, तितका ताण जास्त) उणे 0.6 मेगापास्कलच्या आसपास, म्हणजे ताण अजून सौम्य असतानाच, बारीक मुळांच्या मध्यत्वचेतील, म्हणजे बाहेरची साल आणि वाहिन्यांचा गाभा यांच्यामधल्या थरातील, पेशी कोसळून पोकळ्या पडू लागल्या. मुळांची पाणी घेण्याची क्षमता त्याच वेळी झपाट्याने घटली. वाहिन्या तेव्हा बहुतांशी पाण्याने भरलेल्याच होत्या. बारीक मुळांच्या वाहिन्यांची वहनक्षमता निम्मी होण्यास उणे 1.8, तर जुन्या जाड मुळांत उणे 3.5 मेगापास्कलपर्यंतचा ताण लागला. मध्यत्वचा इथे वीजजोडणीतल्या फ्यूजसारखी वागते. ती तुटते, वेल कोरड्या मातीपासून अलग होते आणि आतली वाहिन्यांची व्यवस्था तूर्त वाचते. बागाईतदार बोद (वेलीच्या ओळीखालचा मातीचा उंच वरंबा) उकरून पांढरी मुळी, म्हणजे नवी बारीक मुळे, चालू आहे का ते पाहतात, ते अगदी योग्य जागी पाहतात असे म्हणायला हवे.

ही झाली मोडतोड. तिच्या जोडीने काही नियंत्रित बदलही होतात. पेशीपटलातील ॲक्वापोरिन नावाच्या प्रथिनांच्या वाटा कमी-अधिक उघडतात. मुळातील अंतस्त्वचा आणि बाह्यस्तर या थरांत सुबेरीन हा मेणचट पदार्थ साचून पाण्याची वाट अडते. अ‍ॅब्सिसिक आम्ल हे संप्रेरक पानांची रंध्रे मिटवते. हे सर्व वाणांत सारखे नसते. ग्रेनाश रंध्रे लवकर मिटते, शार्दोने उशिरा, आणि मुळांतील ॲक्वापोरिनांचे वर्तनही दोघांत वेगळे आढळते.

पाणी मिळाल्यावर सगळेच पूर्ववत होत नाही. फाटलेली मध्यत्वचा जुळत नाही. तिथे नवी मुळी फुटावी लागते. हवा भरलेल्या वाहिन्या मात्र पुन्हा भरू शकतात. शेजारच्या जिवंत पेशींतून थेंब पाझरून बुडबुडा आटतो, हे द्राक्षाच्या खोडात चित्रणाने दिसले आहे. पण ओढ कायम असताना असे घडते का, यावर मतभेद आहेत. मूलदाबाचा, म्हणजे मुळांनी खालून दिलेल्या दाबाचा, वाटा निर्विवाद आहे. छाटलेल्या काडीतून ठिबकणारे पाणी ही त्याचीच खूण. स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मगुरूंनी छाटलेल्या वेलीला काचेच्या नळ्या जोडून हा दाब मोजला आणि 1727 मध्ये निष्कर्ष छापले. नळीत रस 20 फुटांहून वर चढला होता.

मुळे कोणाची, हा प्रश्न कलमामुळे येतो, कारण कलमात वरची वेल एका वाणाची आणि मुळे दुसऱ्या जातीच्या खुंटाची असतात. युरोपात अमेरिकी जातींचे खुंट आले ते मुळांना लागणाऱ्या फायलोक्झेरा किडीमुळे. महाराष्ट्रात कारण वेगळे होते: अवर्षण आणि क्षारयुक्त पाणी. त्यामुळे 1990 नंतर नाशिक, सांगली, सोलापूर भागात डॉगरिज खुंट पसरला आणि पुढे 110 आर हाही वापरात आला. 110 आर हा बर्लांडिएरी आणि रुपेस्ट्रिस या जातींचा संकर असून अवर्षणसहिष्णू मानला जातो.

ताण म्हणजे केवळ कोरडेपणा नव्हे. पाणी साचल्यावर मुळांना प्राणवायू मिळेनासा होतो, पेशीरस आम्लधर्मी होऊन ॲक्वापोरिन मिटतात आणि भिजलेल्या जमिनीतही पाने मलूल पडतात. भारी काळ्या जमिनीत द्राक्षाला बोद आणि वाफसा (ओल व हवा यांचा मेळ) लागतो तो यासाठी.