संजय गांधी की इंदिरा गांधी? तहसीलच्या खिडकीवरचा नेहमीचा घोळ

गावाकडं "निराधारचा पगार" म्हटलं की सगळं त्यातच येतं. विधवा बाई असो, म्हातारा माणूस असो, हात-पाय गेलेला असो, लोक एवढंच विचारतात की पगार चालू झाला का. पण त्या एका शब्दामागं चार-पाच योजना आहेत आणि त्यातल्या दोन तर नावानं आणि कागदांनी इतक्या सारख्या की झेरॉक्सच्या दुकानात फॉर्म भरून देणारा पोरगा पण गडबडतो. एक राज्याची, संजय गांधी निराधार अनुदान योजना. दुसरी केंद्राची, इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तीवेतन योजना.

आमच्या गल्लीतले अण्णा गवंडीकाम करायचे, वय ५२, लकवा मारला आणि उजवी बाजू गेली. सिव्हिलमधून ५५ टक्क्यांचं सर्टिफिकेट मिळालं. कुणीतरी सांगितलं की केंद्राची भरा, ती पक्की असते, म्हणून वहिनींनी तो फॉर्म भरला आणि तीन चकरा मारल्या, तिसऱ्या वेळी मी सोबत गेलो. खिडकीतल्या मॅडम कागद उलटेपालटे करून म्हणाल्या, "ऐंशीच्या खाली हा घेता येत नाही. आणि बीपीएलचा नंबर कुठाय?" वहिनींनी पिवळं रेशनकार्ड पुढं सरकवलं. "हे नाही हो ताई, यादीतला नंबर." वहिनी माझ्याकडं बघायला लागल्या, मी मॅडमकडं. पहिल्या दोन चकरांना हे कुणी का सांगितलं नाही ते विचारायची सोय नसते.

तर फरक असा. केंद्राच्या योजनेला दोन गोष्टी लागतात, अपंगत्व ८० टक्के किंवा जास्त आणि घर दारिद्र्यरेषेखालच्या यादीत. वय १८ ते ७९. बस. तुम्ही कमवू शकता की नाही, आजार कसला, घरात कोण करतं, याच्याशी तिला देणंघेणं नाही. ७९ टक्के असले तरी बाहेर. २००९ ला सुरू झाली, आणि केंद्र त्यात देतं महिन्याला ३०० रुपये, २०१२ पासून तेवढेच (वय ८० झालं की ५००). हो, तीनशे. उरलेले आपलं राज्य संजय गांधीतून घालतं, म्हणून १,५०० चा दर होता तेव्हा ३०० अधिक १,२०० असं मिळून हातात तेवढेच यायचे. म्हणजे "केंद्राची म्हणून जास्त" हा नुसता समज आहे.

संजय गांधी वेगळ्या अंगानं बघते. १९८० पासूनची ही योजना, ६५ च्या आतल्या माणसासाठी (नंतर म्हाताऱ्यांच्या श्रावणबाळ योजनेत जातो), आणि तिचा मूळ प्रश्न हा की या माणसाला स्वतःचं पोट भरता येतं का. त्यामुळं तिच्यात दिव्यांग ४० टक्क्यांपासून बसतो. आणि टक्के नसले तरी एक दरवाजा आहे जो लोकांना माहीतच नसतो, टीबी, कॅन्सर, एड्स, कुष्ठरोग, पक्षाघात अशा दुर्धर आजारामुळं ज्याला कमवता येत नाही तो पण अर्ज करू शकतो, सरकारी दवाखान्याचा दाखला लागतो. आता गंमत बघा, अण्णांचा लकवा म्हणजे पक्षाघातच, म्हणजे ते दोन्ही बाजूंनी बसत होते आणि आम्ही तीन आठवडे तिसऱ्याच दाराला धडका देत होतो.

उत्पन्नाची अट मात्र डोक्याला ताप. दिव्यांग सोडून बाकीच्यांना कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत पाहिजे, म्हणजे महिन्याला १,७५०, एवढ्यात कुणाचं घर चालतं ते मला दाखवा. दिव्यांगांना ही मर्यादा ५०,००० केलीय, म्हणून ४० च्या वरचं सर्टिफिकेट असेल तर आजाराच्या दारानं जाऊ नका, दिव्यांग म्हणूनच भरा. दुसरं कारण पैशाचं. साधी रक्कम १,५०० आहे, पण ऑक्टोबर २०२५ पासून संजय गांधी आणि श्रावणबाळमधल्या दिव्यांगांना २,५०० झाले. त्याशिवाय महाराष्ट्रात १५ वर्षं राहत असल्याचा पुरावा लागतो.

पिवळ्याचा घोळ तर दुहेरी आहे. पिवळं रेशनकार्ड म्हणजे बीपीएल यादीतला नंबर नव्हे, तो ग्रामपंचायत नाहीतर नगरपालिकेतून आणायचा. आणि आता अपंगत्वाचं यूडीआयडी कार्ड पण रंगाचं झालंय, ४० च्या खाली पांढरं, ४० ते ८० च्या आत पिवळं, ८० आणि वर निळं. वहिनींना मी असं समजावलं की पिवळं यूडीआयडी असेल तर संजय गांधीच, निळं असेल आणि यादीत नंबर पण असेल तरच केंद्राचा विचार करा. दोन्ही वेगवेगळे पगार मिळतात हे डोक्यातून काढा. आणि घरातल्या बाईच्याच नावावर निराधारचे पैसे येत असतील तर तिला लाडकी बहीण मिळत नाही, यावरून आमच्याकडं भांडणं झालीत.

घरकुलाचं पण इथंच सांगतो कारण वहिनींचा पुढचा प्रश्न तोच होता, "निराधार मंजूर झालं की घरकुल मिळतं ना?" नाही मिळत. ते पंतप्रधान आवासचं वेगळं खातं, ग्रामीणला सपाट भागात १,२०,००० रुपये, आणि नाव येतं ते सर्वेक्षणाच्या यादीतून आणि ग्रामसभेतून, तहसीलच्या संगायो (संजय गांधी योजना) शाखेतून नाही. फक्त एक दुवा आहे, २०११ च्या सामाजिक, आर्थिक आणि जात जनगणनेत ज्या घरात दिव्यांग आहे आणि धडधाकट मोठा माणूस नाही ते वंचित घर म्हणून मोजलं होतं. अण्णांना तेव्हा लकवा नव्हता, ते तेव्हा दुसऱ्यांची घरं बांधत होते, म्हणून त्या यादीत ते धडधाकटच. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, तो अर्ज मात्र ग्रामसेवकाकडं लगेच द्या, तिथं यादीची वाट बघायची गरज नाही. रेशनवर अंत्योदयमध्ये घर बसलं तर माणसं कितीही असोत महिन्याला ३५ किलो धान्य मिळतं, ते तहसीलच्याच पुरवठा शाखेत विचारायचं.

अण्णांचा संजय गांधीचा अर्ज शेवटी समितीसमोर गेला आणि मंजूर झाला. पहिल्या महिन्यात पैसे आलेच नाहीत कारण आता पैसे डीबीटीनं, म्हणजे सरकारकडून थेट, आधारला जोडलेल्या खात्यात येतात आणि अण्णांचं आधार जोडलेलं होतं एका जुन्या खात्याला, जे ठेकेदारानं कधीतरी मजुरी टाकायला उघडून दिलेलं आणि ज्याचं पासबुक पण घरात नव्हतं. ते बदलायला बँकेत अर्धा दिवस गेला.

आता वहिनींनी ते सर्टिफिकेट प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवघरामागं ठेवलंय. मी परवा काढून बघितलं तर त्यावर "तात्पुरते" असं लिहिलंय आणि खाली मुदतीची तारीख आहे. लकवा सुधारू शकतो म्हणून डॉक्टर तसं देतात, त्यात चूक काही नाही, पण ती तारीख उलटली की ५५ टक्के पण गेले. माझ्या मोबाइलमध्ये तीन महिने आधीचा अलार्म लावून ठेवलाय, कारण सिव्हिलला तपासणीच्या मेडिकल बोर्डाची तारीख लगेच मिळत नाही.