मेन जेट किती नंबरचा टाकू? या प्रश्नाची पार्श्वभूमी

यामाहाच्या जुन्या टू-स्ट्रोक आरएक्स १०० ला बाहेरचा सायलेन्सर आणि उघडा फिल्टर लावला की पुढचा प्रश्न ठरलेला, मेन जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं मुख्य भोक, किती नंबरचा टाकू? उत्तरं पण ठरलेलीच, कोणी ११० सांगतो, कोणी ११५, कोणी म्हणतो जेटला हात पण लावू नको, निडलचं, म्हणजे आतल्या सुईचं, लॉक एक घर खाली घे आणि बिनधास्त पळव. मी पण हे विचारलंय, आणि उत्तरावर विश्वास ठेवून एकदा ब्लॉक-पिस्टनचा, म्हणजे सिलेंडर आणि पिस्टन दोन्हीचा, खर्चही केलाय, तो किस्सा पुढे येईलच. पण हे नंबर आले कुठून आणि एका गाडीचा नंबर दुसरीला का बसत नाही हे समजायचं तर जरा मागे जावं लागतं, थोडंथोडकं नाही, थेट १८८५ पर्यंत.

बेंझच्या पहिल्या गाडीत जेट नव्हताच. एका भांड्यात पेट्रोल, त्याच्यावरून हवा जाणार, जाताना वाफ घेऊन जाणार, विषय संपला. कल्पना साधी पण तिच्यात एक गोची होती, पेट्रोलमधला हलका भाग आधी उडून जायचा आणि भांड्यात जड माल उरायचा, म्हणजे सकाळी भरलेलं पेट्रोल संध्याकाळपर्यंत वेगळंच वागायला लागणार. १८९३ मध्ये हंगेरीत बांकी आणि चोंका या दोघांनी पेट्रोल बारीक भोकातून फवारायच्या कार्बोरेटरचं पेटंट घेतलं, आणि त्याच सुमारास जर्मनीत डाइमलरबरोबर काम करणाऱ्या मायबाखनेही तसंच काहीतरी बनवलं. हंगेरीवाले सांगतात की फुलं विकणारी एक मुलगी तोंडाने फुंकून फुलांवर पाणी उडवत होती ते बघून ही कल्पना सुचली. असेल किंवा नसेल, पण इस्त्रीवाला गाल फुगवून कपड्यावर पाण्याचा फवारा मारतो ते ज्यांनी बघितलंय त्यांना कार्बोरेटर वेगळा शिकवायची गरज नाही.

तेव्हापासून मूळ गणित तेच आहे. खाली वाटी, वाटीत फ्लोट म्हणजे पेट्रोलची पातळी कायम एकाच उंचीला, वर अरुंद गळा, गळ्यातून हवा जोरात गेली की तिथला दाब पडतो आणि वाटीतलं पेट्रोल भोकातून वर ओढलं जातं. ते भोक म्हणजे जेट. त्रास असा की एकच भोक सगळीकडे पुरत नाही. गाडी आयडलवर असताना हवेला पेट्रोल ओढायचा जोरच नसतो आणि फुल थ्रॉटलवर तेच भोक गरजेपेक्षा जास्त ओतायला लागतं. म्हणून मग आयडलला वेगळा जेट, मध्ये निडल, वर मेन जेट, शिवाय पेट्रोलमध्ये आधीच थोडी हवा मिसळायची सोय, असं एकावर एक चढत गेलं. कार्बोरेटरचा पुढचा सगळा इतिहास म्हणजे त्या एका भोकाला लावलेली ठिगळंच, असं माझं मत आहे.

मोटरसायकलच्या दुनियेत हे सगळं पक्कं बसवलं ब्रिटिशांनी. १९२७ च्या सुमाराला अॅमॅक, ब्राउन अँड बार्लो आणि बिंक्स अशा तीन कंपन्या एकत्र येऊन बर्मिंगहॅमची अॅमल झाली आणि पुढची कित्येक वर्षं जवळपास प्रत्येक इंग्लिश बाइकवर तिचाच कार्बोरेटर दिसायचा. केबल ओढली की वर सरकणारा पिस्टन, म्हणजे स्लाइड, त्याच्या पोटात लटकणारी निमुळती निडल, आणि निडलला चार-पाच खाचा ज्यात लॉक बसतं. जपानच्या मिकुनीने अॅमलचंच लायसन घेऊन सुरुवात केली आणि पुढे आपली व्हीएम सिरीज काढली. आरएक्स १०० वर येतो तो व्हीएम २०, म्हणजे गळा २० मिलिमीटरचा. म्हणजे आपण ज्याला जपानी माल जपानी माल म्हणून डोक्यावर घेऊन नाचतो त्याचे आजोबा बर्मिंगहॅमचे.

आपल्याकडे त्या आधी जावावर चेक जिकोव्ह, स्कूटरवर इटलीच्या डेलॉर्टोच्या घराण्यातला पुण्याचा स्पाको. तेव्हा जेटिंग, म्हणजे योग्य नंबरचा जेट निवडणं, वगैरे शब्द गॅरेजमध्ये नव्हता, कार्बोरेटर उघडायचा, जेट काढायचा, तोंडाने फुंकायचा, उजेडाकडे धरून बघायचा, परत लावायचा. जेट बदलायचा असतो हेच कोणाला माहीत नव्हतं कारण बदलायची वेळच यायची नाही, गाडीवर होतं तसंच सगळं राहायचं.

ते बदललं १९८३ ते ८६ या तीन-चार वर्षांत. आधी राजदूत ३५०, मग टीव्हीएसवाल्यांची इंड-सुझुकी, हिरो होंडा सीडी १००, १९८५ च्या शेवटी आरएक्स १०० आणि पाठोपाठ बजाजची कावासाकी केबी १००. राजदूत ३५० तर इथल्या मायलेजच्या वेडापायी नंतर लो टॉर्कमध्ये दबवली होती, हाय टॉर्कचे ३० च्या वर आणि लो टॉर्कचे २७ हॉर्सपॉवर, आणि एखादी गोष्ट कंपनीने दाबून ठेवलीय असं कळलं की आपला माणूस ती उघडल्याशिवाय राहतो का. आरएक्सला ९८ सीसीत ११ हॉर्सपॉवर आणि वजन शंभर किलोच्या आसपास, म्हणजे आधीच पिकअप तोंडात बोट घालायला लावणारा, त्यात कोणीतरी सायलेन्सरची जाळी काढली, कोणी हेड छाटलं, कोणी पोर्टिंग केलं म्हणजे सिलेंडरची भोकं घासून मोठी केली, कोणी १३५ चा ब्लॉक बसवला.

इथे सायलेन्सरबद्दल जरा थांबून सांगायला पाहिजे कारण टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सर हा नुसता आवाज कमी करायचा डबा नसतो. पूर्व जर्मनीत झ्शोपाउ नावाच्या गावात एमझेड मोटरसायकलचा कारखाना, तिथे वाल्टर काडेन नावाचा इंजिनियर. त्याने १९५० च्या दशकात फुगीर पोटाचा आणि मागे निमुळता होत जाणारा पाइप इतका घासूनपुसून तयार केला की पाइपच्या शेवटाला आपटून परत येणारी दाबाची लाट बाहेर निसटलेलं हवा-पेट्रोलचं ताजं मिक्श्चर एक्झॉस्टचं पोर्ट बंद व्हायच्या आत सिलेंडरमध्ये परत ढकलायची. १९६१ पर्यंत त्याच्या १२५ सीसीने २५ हॉर्सपॉवर गाठले, म्हणजे लिटरला दोनशे, टर्बो नाही काही नाही. त्याच वर्षी त्याचा रायडर एर्न्स्ट डेग्नर स्वीडनच्या रेसवरून परत गेलाच नाही, ते सगळं ज्ञान घेऊन सुझुकीकडे गेला आणि पुढच्याच वर्षी सुझुकी ५० सीसीत वर्ल्ड चॅम्पियन. पिक्चर काढावा अशी स्टोरी आहे. पण आपल्या कामाचं एवढंच की आज कुठलंही वेल्डिंगवालं वर्कशॉप पत्रा वळवून जो एक्स्पान्शन चेंबर बनवतं तो याच घराण्यातला, आणि तो लावला की इंजिन ठराविक आरपीएमच्या पट्ट्यात आधीपेक्षा बरीच जास्त हवा गिळायला लागतं. हवा वाढली, जेट तोच राहिला, की गाडी लीन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. आणि लीन टू-स्ट्रोक बंद पडायच्या आधी मस्तच पळते, हीच तर भानगड आहे.

माझा किस्सा इथलाच. डिसेंबरची सकाळ, पुण्याहून साताऱ्याकडे, चेंबर नवा, फिल्टर उघडा, आणि एका मेकॅनिकने सांगितलेलं की स्टॉक, म्हणजे कंपनीचाच, मेन जेट चालतो रे, काही होत नाही. कात्रजचा घाट नीट चढली. शिरवळच्या अलीकडे सपाट रस्ता लागला, थ्रॉटल पूर्ण उघडा, गाडी अशी काय गाणं म्हणत होती की मी खूश, आणि एकदम आवाज बारीक झाला, कोणीतरी मागून कॅरियर धरल्यासारखं वाटलं, मागचं चाक चिरकलं, पिस्टन सिलेंडरमध्ये जाम. हात आपोआप क्लचवर गेला म्हणून पडलो नाही. प्लग काढला तर पांढराफट, आणि चिनीमातीवर मिरपुडीसारखे चमकणारे बारीक ठिपके, ते ठिपके म्हणजे माझ्या पिस्टनचं अॅल्युमिनियम. त्या दिवशी टेम्पोत गाडी घालून परत येताना चुलतभाऊ म्हणाला, दादा घाटात तर चांगली चालली होती की. घाटात चाललीच असती, घाटात थ्रॉटल अर्धा होता, म्हणजे निडलवर चालली होती. आयडलपासून पाव थ्रॉटलपर्यंत स्लो जेट, म्हणजे आयडलचा जेट, आणि स्लाइडचा कट, पाव ते पाऊण निडल, आणि पाऊणच्या वर मेन जेट. माझं निडल बरोबर होतं आणि मेन जेट उपाशी.

आणि डिसेंबर का, तर थंड हवा जड असते. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी १० डिग्री आणि मे महिन्याच्या दुपारी ४०, या दोन हवांच्या वजनात तेवढ्याच जागेत साधारण १० टक्के फरक पडतो. कार्बोरेटर आपोआप त्यातला अर्धाच भरून काढतो, उरलेले पाचेक टक्के गाडी थंडीत लीन. उन्हाळ्यात सेट केलेली गाडी थंडीत जाम होते ती यामुळे, आणि मुंबईत सेट केलेली गाडी महाबळेश्वरला काळा प्लग देते कारण साडेतेराशे मीटरवर हवा दहा-बारा टक्के पातळ. रेसवाले जेटची डबी खिशात घेऊन फिरायचे ते काही हौस म्हणून नाही.

आता नंबरांचा गोंधळ, जो मला वाटतं सगळ्यात कमी लोकांना माहितीय. अॅमलने जेटवर नंबर टाकला तो मिनिटाला किती सीसी पेट्रोल जातं त्याचा. डेलॉर्टोने भोकाचा व्यास टाकला, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात, म्हणजे १०० नंबर म्हणजे एक मिलिमीटर. मिकुनीने तर दोन्ही केलं, षटकोनी डोक्याच्या जेटवर प्रवाहाचा नंबर आणि गोल डोक्याच्या जेटवर भोकाचा. आता बघा, प्रवाहाच्या हिशोबात १०० वरून ११० म्हणजे १० टक्के वाढ, पण व्यासाच्या हिशोबात १०० वरून ११० म्हणजे भोकाचं क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढलं. दोन माणसं तोच आकडा बोलतायत आणि दुप्पट वेगळी गोष्ट सांगतायत. त्यात भर म्हणून डुप्लिकेट जेट, ज्यावर आकडा छापलाय म्हणून छापलाय. आणि आपल्या जुन्या गॅरेजची खास पद्धत, क्लच केबलची एक तार सुटी करून जेटमध्ये फिरवायची. एकदा तार फिरली की नंबर गेला, नुसतं पितळ राहिलं.

प्लगचा रंग बघून जेट ठरवायची पद्धत पण त्या काळातली. फुल थ्रॉटलवर अर्धा मिनिट पळवायची, तिथेच चावी बंद, क्लच दाबायचा, थांबायचं आणि प्लग काढून बघायचा. बिस्किटी रंग आला की पास, काळा म्हणजे रिच, पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे लीन. पण हे रंग ठरले शिशाच्या पेट्रोलवर. २००० सालापर्यंत आपल्याकडे शिसं पंपावरून गेलं आणि प्लग आधीपेक्षा फिके दिसायला लागले, तरी जुने लोक तोच बिस्किटी रंग शोधत बसले आणि गाड्या विनाकारण रिच करत सुटले. मग इथेनॉल आलं, २०२२ मध्ये देशभर १० टक्के, २०२५ मध्ये २०. पेट्रोल जळायला वजनाच्या पावणेपंधरा पट हवा लागते, इथेनॉलला फक्त नऊ पट, कारण त्याच्या अंगातच ऑक्सिजन आहे. म्हणजे त्याच भोकातून तेवढंच ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, गेलं तर गाडी साधारण सात-आठ टक्के लीन. इंजेक्शनवाल्या, म्हणजे कार्बोरेटरऐवजी कॉम्प्युटरने पेट्रोल मोजणाऱ्या, नव्या गाडीचा सेन्सर हे सांभाळून घेतो, आरएक्सला कोण सांगणार. १९९५ मध्ये एकदम परफेक्ट असलेली गाडी कोणी हात न लावता आज लीन झालीय, आणि मालक म्हणतो स्टॉक आहे, काही छेडछाड नाही केली. तू नाही केलीस, पंपाने केली.

बाकी कार्बोरेटर आपल्याकडे उशिरापर्यंत टिकला. चेन्नईत मिकुनीबरोबर यूकॅल, पुण्याजवळ जपानच्याच केहिनबरोबर इचलकरंजीचा एफआयई ग्रुप, स्वस्त आणि कुठल्याही गावात उघडता येणारा माल. पल्सर २२० तर २००७ मध्ये इंजेक्शन घेऊन आली आणि २००९ मध्ये परत कार्बोरेटरवर गेली, वर पॉवर पण एक घोडा वाढली, असा उलटा प्रवास दुसऱ्या कुठल्या गाडीने केलेला मला तरी आठवत नाही. मात्र एप्रिल २०२० ला प्रदूषणाचा बीएस ६ नियम आला आणि नव्या गाड्यांवरून कार्बोरेटर जवळजवळ उतरलाच.

माझ्या आरएक्सला आता चेंबर आहे, ब्लॉक दुसऱ्या बोअरचा आहे आणि औषधाच्या एका रिकाम्या डबीत सहा जेट आहेत, सगळे एकाच मेकचे, एकाच डोक्याचे, कागदात वेगवेगळे गुंडाळलेले. दिवाळीनंतर एक नंबर वर, होळी झाली की एक खाली. कागदावर तारीख लिहितो, किती डिग्री ते लिहितो, आणि गेल्या वर्षीपासून पंपावर ई किती लिहिलंय तेही लिहायला लागलोय. चुलतभावाने परवा विचारलं, सध्या कितीचा टाकलायस, मी सांगितलं नाही, म्हटलं तुझा प्लग काढून आण आधी.