देवदार आणि शंखी गोगलगाय : कोलकात्याचा समान धागा

हिमालयातला देवदार आणि शेतकरी जिला शंखी म्हणतात ती आफ्रिकी गोगलगाय यांची तुलना वरवर ओढूनताणून केलेली वाटते; परंतु दोघांच्याही इतिहासाचा धागा कोलकात्यातून गेलेला आहे.

कोलकात्याच्या वनस्पती उद्यानाची धुरा १७९३ मध्ये हाती घेणाऱ्या विल्यम रॉक्सबर्ग यांनी या वृक्षाची गणना पाइनमध्ये केली होती. पुढे १८३० मध्ये जॉर्ज डॉन यांनी त्याला 'सीड्रस' प्रजातीत नेले, तरी संस्कृत 'देवदारु' त्याच्या शास्त्रीय नावात टिकून राहिले, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. तेलामुळे सहसा न कुजणाऱ्या या लाकडाला रेल्वेच्या स्लीपरसाठी प्रचंड मागणी आली आणि १८६४ मध्ये वनखाते स्थापन होण्यामागे अशा लाकडाची चिंता हे एक मोठे कारण होते.

देवदार साधारण १,५०० ते ३,२०० मीटर उंचीवर वाढतो. सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर १,४३८ मीटरपर्यंत पोहोचते, म्हणजे उंची जवळपास जुळते. मात्र तेथे हिमालयातला बर्फाचा हिवाळा नाही, आणि पाऊस चार महिन्यांत धो धो कोसळतो. त्यामुळे आपल्याकडे हा वृक्ष काढ्याच्या काष्ठौषधीत आणि 'देवदारी खोकी' या शब्दातच अधिक भेटतो, आणि त्या खोक्यांचे लाकूडही बहुधा पाइनचे असते.

गोगलगाईचे तसे नाही. मूळची पूर्व आफ्रिकेतली ही जात १८४७ मध्ये शंख-शिंपल्यांचे अभ्यासक विल्यम बेन्सन यांनी मॉरिशसहून आणून कोलकात्यात सोडली. प्रत्येक प्राण्यात नर-मादी दोन्ही इंद्रिये असतात, एका वेळी शंभराहून अधिक अंडी घातली जातात आणि कोरड्या दिवसांत शंखाचे तोंड पातळ पडद्याने बंद करून ती जमिनीत पडून राहते. पाऊस पडला की सोयाबीनची कोवळी दले एका रात्रीत फस्त होतात. सांगली जिल्ह्यातील एका गोठ्याच्या भिंतीवर तिने चुना खरवडून खाल्ल्याच्या नागमोडी खुणा मी पाहिल्या आहेत. शंख घडवण्यासाठी तिला कॅल्शियम लागते.

गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे संध्याकाळी बांधावर पसरायची आणि उजाडताच त्यांखाली जमलेल्या शंखी वेचून मिठाच्या पाण्यात बुडवायच्या, हा उपाय बांधाला बांध असलेल्या शेतकऱ्यांनी एकाच वेळी केला, तरच उपयोगी पडतो.